दुसरी बॅटरी आणि माईंची झोप

माईंना भिंतीला बांधून ठेवलं होतं. दोरखंडाने नव्हे, आणि दुष्टाव्याने तर नव्हेच. डॉक्टरांनी, त्यांच्याच भल्यासाठी. झोपेत त्यांचा श्वास मधेच थांबायचा. म्हणून रात्री नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला उशाशी ठेवलेलं मशीन आणि मशीनची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. नळीला माई सोंड म्हणायच्या. सोंड लागल्यापासून त्यांना धड झोप लागू लागली, दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगणं थांबलं, हे सगळं खरं. पण तेव्हापासून त्या स्वतःच्या घरी किंवा लेकीच्या घरी, प्लगापासून हातभर अंतरावर झोपत आल्या होत्या, हेही तितकंच खरं.

आता ज्या बाईने लग्नानंतरची पहिली वर्षं उघड्या माळावर जीपच्या मागच्या भागात झोपून काढली, तिला हे किती जाचत असेल! नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन. तो खांब रोवत, तारा ओढत पुढे जायचा आणि ही शिवणाचं मशीन घेऊन त्याच्या मागे. लोक त्याला तारकाका म्हणू लागले ते आजतागायत, तारांचा जमाना गेला तरी. खात्याने जीप मोडीत काढली तेव्हा तारकाकांनी ती घरी आणली. "मोडीत निघालेली गाडी मोडीत निघालेला माणूस चालवतो," असं माई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, पण गाडीच्या खिडक्यांना पडदे मात्र त्यांनी स्वतः शिवले होते.

त्यांची इच्छा एकच होती. तारकाकांची शेवटची लाइन ज्या उंच पठारावर संपली तिथे पुन्हा एकदा रात्र काढायची. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असलं काही नको, रात्रच. "दिवसा काय बघायचंय तिथं? दगडच दगड," त्या म्हणायच्या. "तिथं बघायचं ते सगळं डोकं उशीवर ठेवल्यावर दिसतं."

लेक नर्स. आईच्या श्वासाची काळजी तिच्याइतकी कुणाला असणार? तिने आधी नाही म्हटलं, मग वडिलांनी बॅटरीचा विषय काढल्यावर जरा विचार केला आणि शेवटी अट घातली. आधी एक रात्र जवळपास कुठेतरी काढून बघायची, आणि सोबत तिचा नवरा जाणार. रात्र नीट गेली तर तिथूनच पुढे पठारावर जावं. "आणि एक जरी गोष्ट बिघडली, तर गाडी विकायची. पुन्हा विषय काढायचा नाही. आई, कबूल?"

माईंनी कबूल केलं. दुसरा इलाज काय होता?

मग तारकाकांनी बाह्या सरसावल्या. जीपच्या बॉनेटखाली जुन्या बॅटरीशेजारी दुसरी बॅटरी बसवण्याचा घाट घातला. "इंजिन चालू असेतोवर दोघींनी एका ताटात जेवायचं," ते समजावून सांगत, "आणि इंजिन बंद झालं की आपापल्या खोलीत जायचं. मधे ही डबी आहे ना, ती दार उघडते आणि लावते. रात्री तुझं मशीन दुसरीचं खाणार. पहिलीला कुणी हात लावणार नाही. ती सकाळी गाडी सुरू करायला ताजीतवानी." हे त्यांनी माईंना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, पेपर टाकायला येणाऱ्यालाही थांबवून सांगितलं.

"दोन बायका केल्यासारखं काय बोलता?" माई म्हणाल्या. "एकीला सांभाळतानाच तुमचं चार्जिंग उतरतंय."

आता खरी गंमत अशी की जावई बसडेपोत वीजकामाचा मिस्त्री होता. रोज उठून बसगाड्यांच्या बॅटऱ्या, स्टार्टर, वायरिंग हेच त्याचं काम. हे काम त्याने एका दुपारी हातावेगळं केलं असतं. पण सासऱ्याने जावयाला राबवायचं कसं? आणि जावयाने सासऱ्याला शिकवायचं कसं? तारकाका त्याला 'जावईबापू' म्हणायचे, तो त्यांना 'बाबा' म्हणायचा, आणि दोघं एकमेकांशी असे बोलायचे की जणू मधे काचेचं सामान मांडून ठेवलंय. जावई सुट्टीच्या दिवशी यायचा, पाठीमागे हात बांधून उभा राहायचा आणि काही चुकीचं दिसलं की आकाशाकडे बघत म्हणायचा, "काही लोक फ्यूज अगदी बॅटरीजवळच लावतात म्हणे."

"काही लोकांना भारी हौस असते," तारकाका म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी फ्यूज बॅटरीजवळ लावलेला असायचा, जणू मुळात बेत तोच होता.

माईंना हे बघून हसू यायचं आणि कधीकधी रागही. भीड ही भिकेची बहीण, असं उगाच म्हटलेलं नाही. पण घरातली दोन माणसं एकमेकांना इतकं जपतात, यात वाईट तरी काय म्हणायचं? बाकीच्या घरांत सासरे-जावई कसे बोलतात ते शिवणाच्या मशीनवर बसून त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. त्या गप्प राहायच्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काम पुरं झालं. तारकाकांचं काम दृष्ट लागण्यासारखं. लाइनमन वायरी नुसत्या ओढत नाही, त्या मेणाच्या दोऱ्याने बोटाबोटाच्या अंतरावर गाठी मारून बांधतो, आयुष्यभराची सवय. डबीपासून निघालेली माईंच्या मशीनची लाल वायर त्यांनी अशी बांधत बांधत गाडीच्या मागच्या भागात उशाशी आणली होती. जाड वायरींवर काळी नळी चढवून त्याही देखण्या करून टाकल्या होत्या. माईंनी सोंडेचं मशीन लावून बघितलं. हिरवा दिवा लागला, वारं सुरू झालं. त्यांनी लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

जावई डेपोतून तसाच आला होता. तो बॉनेटमध्ये वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काय जावईबापू, जमलंय ना?"

"झकास," जावई म्हणाला आणि आवंढा गिळला.

माईंनी तो आवंढा पाहिला. मग चहा झाला, तारकाका आत सामान बांधायला गेले, जावई फोन करून येतो म्हणून अंगणात गेला. आला तेव्हा हात पुसत आला. फोन करून कुणाचे हात काळे होतात? पण माई काही बोलल्या नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा शेजारी तारकाका नव्हते. अंगणातून बॉनेट हळूच बंद केल्याचा आवाज आला. ते आत आले, परत पांघरुणात शिरले आणि झोपल्याचं सोंग घेतलं. माई तेव्हाही बोलल्या नाहीत. माणसाची हौस आहे, शेवटचा हात फिरवत असतील, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

ते दुपारी निघाले. संध्याकाळी एका कोरड्या ओढ्याच्या काठी, दगडांच्या आडोशाला गाडी लावली. जावयाने थोडं दूर आपला छोटा तंबू ठोकला. हवा कोरडी होती, अंधार पडताच थंडी वाढली. तारकाकांनी मशीनची ऊब देणारी पट्टी चालू केली, म्हणजे माईंच्या नाकाला गार वारं लागणार नाही. वरचा छोटा दिवाही चालू ठेवला. "दुसरी आहे ना आता," ते म्हणाले. "होऊ दे खर्च."

माईंनी मास्क लावला, मागचं दार उघडं ठेवायला सांगितलं आणि डोकं उशीवर ठेवलं. काळंभोर आभाळ दाराच्या चौकटीत मावत नव्हतं. नवऱ्याचा हात अंगावर होता. भिंत कुठेही नव्हती. त्यांना वाटलं, आता रात्रभर जागून हे बघावं. पण झोपेने ऐकलं नाही.

जाग आली ती उजाडल्यावरच. मशीन अजून चालू होतं. जरा कण्हल्यासारखा आवाज करत होतं, पण चालू होतं. माईंनी मास्क काढला आणि तशाच पडून राहिल्या. अंग हलकं वाटत होतं. बाहेर तारकाकांनी स्टोव्हवर चहा ठेवला होता. मागचं दार बंद करून, गाडी जरा उन्हात घ्यावी म्हणून ते पुढच्या सीटवर बसले, चावी फिरवली.

टक.

परत फिरवली. टक, टक, टक. इंजिन नुसतं जिभेने चुकचुकत होतं.

जावई तंबूतून अनवाणीच धावत आला. दोघांनी बॉनेट उघडलं. जावयाने मीटर लावला. पहिली बॅटरी संपलेली. दुसरी भरलेली, काठोकाठ, जणू तिला रात्री कुणी विचारलंही नव्हतं.

"माई, मशीन चाललं ना रात्री?" जावयाने विचारलं.

"मशीन चालू होतं ना गं?" तारकाकांनीही तेच विचारलं.

"चालू होतं," माई शाल गुंडाळून खाली उतरल्या. "पण मग गाडी का चालत नाही?"

"मशीनने पहिलीचं खाल्लं," जावई हळूच म्हणाला. "पण असं होऊच शकत नाही."

"होऊच शकत नाही," तारकाका म्हणाले.

दोघांनी हे इतक्या खात्रीने म्हटलं की माईंना संशय आला. कारागीर माणूस 'बघतो' म्हणतो, 'तपासतो' म्हणतो. होऊच शकत नाही, असं तो कधी म्हणतो? स्वतःच्या हाताने काहीतरी नीट करून ठेवलेलं असतं तेव्हा. त्यांना हात पुसत आलेला जावई आठवला आणि पहाटे पांघरुणात शिरलेले गार पाय आठवले.

"परवा संध्याकाळी अंगणात कुणाला फोन करत होता?" त्यांनी जावयाला विचारलं.

जावई मीटरकडे बघत राहिला.

"आणि काल पहाटे तुम्ही बॉनेट कशाला उघडलं होतं हो?"

तारकाकांनी गालाला हात लावला. मग हळूहळू, ओढून काढल्यासारखं, सगळं बाहेर आलं. तारकाकांनी मशीनची लाल वायर मुळात डबीच्या डाव्या नटाला लावली होती, आणि डावा नट पहिल्या बॅटरीचा. चूक झाली होती. जावयाला ती बघताक्षणी दिसली. पण सासऱ्याने मेणाच्या दोऱ्याने इतक्या मायेने बांधलेली वायर सोडायची म्हणजे त्यांच्या लक्षात येणार. म्हणून त्याने लाल वायरीला हातच लावला नाही. जाड वायरींचीच डबीवर अदलाबदल केली: दुसरी बॅटरी डावीकडे, पहिली उजवीकडे. काम चोख झालं आणि बाबांचा मानही राहिला.

आणि रात्री पडल्या पडल्या तारकाकांच्या डोक्यात उजेड पडला होता की वायर चुकीच्या नटाला लावली. जावयासमोर फजिती नको, म्हणून पहाटे उठून त्यांनी गाठी सोडल्या, लाल वायर डावीकडून उजवीकडे नेली आणि पुन्हा तशाच गाठी मारल्या. जाड वायरी स्वतःच टाकलेल्या, वर काळी नळी, मग त्या कशाला तपासायच्या? काम त्यांचंही चोखच होतं. दोन चोख कामं मिळून पुन्हा पहिली चूक तयार झाली होती.

तारकाका म्हणाले, "अहो जावईबापू, मला सांगायचं नाही का?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"छे! वाईट कसलं?" तारकाका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, हे चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. "खरं म्हणजे माझंच चुकलं, मीच तुम्हाला विचारायला हवं होतं."

"नाही नाही, बाबा, चूक माझी."

"अहो, असं कसं? वयाने मी मोठा, चूक माझी."

"पुरे!" माई म्हणाल्या.

दोघं दचकले. माईंचा आवाज चढलेला त्या दोघांनी फारसा ऐकला नव्हता. माईंनाही तो अनोळखी वाटला. पण आता आलाच होता, तर येऊ दे.

"एकमेकांना मान द्यायचा तर पाटावर बसवून द्या. वाढा, पंखा घाला, पाय दाबा. ती वायर माझ्या नाकाशी येते. तिच्यावर कसला मान-पान करता? तुम्ही दोघं एकमेकांचं मन जपत होता, आणि मी तिथं आत झोपले होते. मी. एक कपडा दोघांनी एकमेकांना न विचारता कापला की काय होतं, ते मला विचारा. निदान तो कपडा मरत तरी नाही."

तारकाकांची मान खाली गेली. जावयाचे डोळे भरून आले. माईंचा राग तिथेच निम्मा झाला, कारण खरं बोलायचं तर त्यांनीही आवंढा पाहिला होता, बॉनेटचा आवाज ऐकला होता, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. ही भीड त्या दोघांचीच नव्हती. सगळ्या घराचीच होती, आणि एवढी वर्षं त्यांना तिचं कौतुक वाटत आलं होतं.

"मी पण गप्प बसले," त्या म्हणाल्या. "आता नाही बसणार. पाना द्या इकडं."

"तुला काय करायचंय?"

"मला शिकवा. मी नट बसवणार. आणि ज्याचा हात जिथं लागेल, त्याने तोंडाने सांगायचं."

आधी जावयाने जाड वायर टाकून दुसरीची ताकद पहिलीला दिली. इंजिन खाकरलं, धुरकटलं आणि सुरू झालं. ते बराच वेळ तसंच धडधडू दिलं. मग बंद करून तिघं बॉनेटवर वाकले. "मी डाव्या वायरीला हात लावतोय," तारकाका शाळेतल्या मुलासारखे म्हणाले. "ही कुठून येते ते हाताने चाचपत जातोय. ही दुसरीची." जावई म्हणाला, "मी उजवी बघतोय, बाबा. ही पहिलीची. आणि बाबा, एक सांगू? तुमची गाठ छान आहे, पण लाल वायर इथं फार ताणलीये. कंप बसला तर तुटेल." सांगून झाल्यावर त्याने डोळे मिटले. तारकाकांनी एक श्वास घेतला. "मग ढिली करा," ते म्हणाले, आणि गाठ त्यांनी स्वतः सोडून दिली. लाल वायर माईंनी डाव्या नटाखाली घातली आणि पाना आवळला. आधी हलका, मग जोर लावून. बोटांना काळं लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

फोनची रेंज फक्त वरच्या टेकाडावर येत होती. रात्र कशी गेली ते सकाळी कळवायचं, हे जावयाने बायकोला कबूल केलं होतं. तो टेकाड चढला, मागून माई आणि तारकाकाही चढले. फोन लागला.

"हां, अगं, सगळं ठी—" जावयाने सुरुवात केली आणि तो अडखळला. त्याने माईंकडे बघितलं. खोटं बोललं तर पठार समोर होतं. खरं बोललं तर गाडी विकायला निघणार. तारकाका दगडाकडे बघत होते. कुणी त्यांना विचारलं असतं तर 'सगळं ठीक' म्हणायला ते एका पायावर तयार होते, हे माईंना त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

माईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मी बोलतेय. नीट ऐक. मशीन रात्रभर चाललं, गाडी सकाळी चालली नाही. वायर चुकीच्या बॅटरीला लागली होती." त्यांनी सगळं सांगितलं, नवऱ्याचं, जावयाचं, स्वतःचंही. काही गाळलं नाही. हातातली गोष्ट आपणच सोडून देतोय, हे त्यांना कळत होतं.

लेकीने आधी एकच विचारलं. "आई, अगं रात्रीतच बंद पडलं असतं तर?"

"तर मी घुसमटून उठले असते. तुझ्या घरची लाईट गेली तेव्हा उठले होते, तशी. भिंत पण दगा देते, बाळा. आता वायर कुठून कुठं जाते ते मला माहीत आहे. भिंतीतली मला कधीच माहीत नव्हती. मी कबूल केलं होतं, तू म्हणशील तर गाडी विकू. मी भांडणार नाही. पण खोटं सांगून पुढं जायचं नव्हतं मला."

जावयाने वाकून बघितलं, फोन कट तर झाला नाही ना. मग लेक बोलली. आवाज नर्सचा नव्हता.

"आई, झोप लागली का गं तुला?"

माईंना एकदम हुंदका आला. सकाळपासून दोन माणसांनी मशीनची चौकशी केली होती. त्यांची स्वतःची चौकशी ही पहिलीच. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी हात उचलला आणि बोटांवरचं काळं गालभर फासलं गेलं.

"लागली," त्या म्हणाल्या. "इतकी लागली की आभाळ बघायचं राहूनच गेलं."

"मग आज रात्री बघ," लेक म्हणाली.